मुचलकेसाहेब आणि उत्तरेची भिंत

मुचलकेसाहेब कुणाच्याही घरी आले की आधी निघायची वेळ सांगायचे. "सव्वाचारच्या पॅसेंजरला निघणार बरं का," हाच त्यांचा रामराम. कोण कसं आहे, पीकपाणी काय म्हणतंय, हे सगळं नंतर, आणि तेही ओट्यावर येरझारा घालत. चहा दिला तर उभ्याउभ्या दोन घोट घ्यायचे आणि कप मिळेल तिथं टेकवून चालू पडायचे. आमच्या आईनं त्यांचे असे अर्धे कप कधी खिडकीतून, कधी बैलांच्या गव्हाणीच्या कडेवरून गोळा केले. "बसा की साहेब," म्हटलं तर म्हणायचे, "बसलं की माणूस सवडीनं खोटं बोलतो. उभ्यानं तेवढी फुरसत मिळत न्हाई."

सरकारदरबारी ते परिविक्षा अधिकारी. हा शब्द आमच्या गावात एकाच्याही तोंडात बसला नाही. मुचलका मात्र निजामाच्या अमदानीपासून सगळ्यांना ठाऊक. कोर्टानं एखाद्याला जेलात न घालता 'नीट वागेन' असं लिहून घेऊन सोडलं की तो मुचलक्यावर सुटला, आणि तो खरंच नीट वागतो का हे बघायला परभणीहून येतो तो मुचलकेसाहेब. पन्नाशीचा काटकुळा माणूस. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात कागदांची चळत आणि अंगठे उठवायचा शाईचा डबा. शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळं बोलण्यात हुकूम, हवाला, इन्साफ असे शब्द सहज यायचे. त्यांची जात कोणती याचा आमच्या गावानं बरेच महिने तपास केला. एकदा आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सरळच विचारलं, "साहेब, आडनाव काय म्हणावं?" साहेब म्हणाले, "शासकीय." पाहुण्याची सात पिढ्यांची कुंडली पारावर बसून काढणारं आमचं गाव, पण इथं त्यानं हात टेकले.

मी त्यांच्या देखरेखीखाली होतो. म्हणजे मी गुन्हेगार होतो. पूर्णेला रेल्वेत सगळी नोकरी गेली, तिथं मी हे एकालाही सांगितलं नाही. आता लिहितोय तरी पाय हलायला लागलेत, उठून कुठंतरी जावंसं वाटतंय. पण सांगतो. नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून कोसभर. विद्यापीठाचं नाव काय आहे आणि काय व्हायचंय, मला धड माहीत नव्हतं. त्या विद्यापीठाचा उंबरा मी तेव्हा पाहिला नव्हता आणि पुढंही पाहिला नाही. पण गावातली पोरं वस्तीकडं निघाली आणि मी घरातली पहार घेऊन त्यांच्यात शिरलो. वस्तीतली माणसं आधीच ओढ्याकडं पळून गेली होती. गयाबाई नावाच्या म्हातारीच्या घराची उत्तरेची भिंत आम्ही पाडली. मातीची भिंत, पहारीला सोपी गेली. तिच्याबरोबर वरच्या मातीच्या छपराचा, धाब्याचा, एक कोपरा खाली आला. लोक म्हणतात, गर्दीत माणसाला भान राहत नाही. मला भान होतं. हातांना मजा वाटत होती, हेही कळत होतं.

केस दोन वर्षं चालली. निकालाच्या दिवशी मला एकवीस पूर्ण व्हायला चार महिने होते, म्हणून मॅजिस्ट्रेटनी मुचलकेसाहेबांचा अहवाल मागवून मला वर्षभराच्या मुचलक्यावर सोडलं. बाकीचे वयानं थोर होते, ते जेलात गेले. आबा कोर्टाच्या आवारातूनच पेढे आणायला निघाले. साहेबांनी त्यांना फाटकाशी गाठलं.

"पेढे थांबवा. कागदावर लिवलंय, चांगली वर्तणूक ठेवावी. ती उद्यापासून सुरू. सकाळी फावडं-घमेलं घेऊन पोरानं गयाबाईच्या दारात हजर व्हायचं. भिंत बांधायची."

"कागदात भिंतीचं कुठं हाय?" आबांनी विचारलं. आबा काही अडाणी नव्हते.

"चांगली वर्तणूक म्हणजे काय, हे बघायचं काम माझ्याकडं हाय. मी म्हणतो भिंत. न्हाई बांधली तर मी लिहिणार, वर्तणूक खराब. मग जेल." एवढं म्हणून साहेब रस्ता ओलांडूनही गेले.

हे कायद्यात बसत होतं का? पुरतं नाही बसत. अशा कामाचे नियम त्या काळी कुठं लिहिलेलेच नव्हते, म्हणून साहेब ते चालता चालता करायचे. आणि त्यांचा प्रत्येक नियम पहिला असायचा. "नियम पहिला, ज्याचं बिघडवलं त्याच्याच दारात काम." लगेच पाठोपाठ, "नियम पहिला, हजेरी त्याच्याच हातची." पुढच्या खेपेला पुन्हा पहिलाच. दुसऱ्या नियमापर्यंत पोचायला लागणारा दम या माणसात नाही, असं मी मित्रांना सांगून हसायचो. हजेरीसाठी त्यांनी शाळेची चाळीस पानी वही गयाबाईच्या घरी ठेवली. दिवसाचं काम तिच्या मनास आलं की तिनं वहीत अंगठा उठवायचा, म्हणजे माझा दिवस भरला. मी जेलात जाणार का सुटणार, हे आता त्या म्हातारीच्या अंगठ्यावर आलं. जिच्या दारावरून जाताना आम्ही कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, तिच्या.

पहिल्या दिवशी मी गेलोच नाही. ही चूक आमच्यासारख्यांच्या घरातच होऊ जाणे. आबांच्या डोक्यात अंगमेहनतीचं काम म्हणजे गड्याचं काम. पोराला कामाची शिक्षा झाली, तर गडी पाठवायचा, त्यात विचार तो कसला? त्यांनी आमच्या सालगड्याला, सखारामला धाडलं. सखाराम गयाबाईचा सख्खा पुतण्या. ज्या दिवशी आम्ही भिंत पाडली त्या दिवशी हाच माणूस बायकोपोरं घेऊन ओढ्यात दडून बसला होता. आता त्यानंच इमानानं माती खणली, चिखलाचा गारा तुडवला, वीतभर थर घातला आणि संध्याकाळी वही पुढं केली. गयाबाईनं अंगठा दिला नाही. "ह्यानं कुठं पाडली व्हती?" एवढंच म्हणाली. चार दिवस सखाराम गेला आणि चार दिवस वही कोरी राहिली.

पाचव्या दिवशी साहेब आले. वही चाळली, भिंतीभोवती एक चक्कर मारली आणि आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "नियम पहिला, हात बदलला की हजेरी न्हाई." सखारामनं घातलेल्या थरांचं काय करायचं हे त्यांनी गयाबाईला विचारलं. ती म्हणाली, "काढा ते. माझ्या पुतण्याच्या घामाची भिंत मला नको. त्याचं आधीच लय गेलंय." ते थर मलाच काढायला लागले. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. सखाराम मात्र गोठ्यात वैरण टाकताना गालात हसत होता, असा माझा आजही संशय आहे.

मी गेलो त्या सकाळी तोंडातून सवयीनं निघालं, "गया, फावडं कुठं ठेवू?" साहेब पाठीशीच होते. "नियम पहिला, हजेरी मांडणाऱ्याला अरे-तुरे न्हाई." मी 'गयाबाई' म्हणालो. तेही फावड्याकडं बघत, खोटं कशाला सांगू. तिनंही मला नावानं हाक मारावी असं साहेबांनी सुचवलं, पण तिला ते जमेना. "सारा जन्म धाकले मालक म्हणत आले, आता जीभ वळत न्हाई," म्हणाली. दोन-तीन दिवस तिनं मला कशीच हाक मारली नाही, नुसती खाकरायची. मग एक दिवस "पोरा" म्हणाली आणि तेच कायम झालं.

साहेबांची आणखी एक खोड होती. प्रश्न विचारायचे आणि उत्तराला थांबायचे नाहीत. पंधरा दिवसांनी यायचे, दारातूनच म्हणायचे, "हां, मागच्या खेपेला विचारलं त्याचं काय?" आणि प्रश्न अक्षर न अक्षर आठवत असायचा. मला त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्या भिंतीत काय काय होतं?" आणि गेले गाडीला. मी ती भिंत स्वतःच्या हातानं पाडलेली, पण तिच्यात काय होतं हे मला सांगता येईना. खिडकी होती का? खुंट्या होत्या का? पंधरा दिवस तो प्रश्न कुसळासारखा टोचत राहिला. शेवटी गयाबाईलाच विचारावं लागलं. ती हातानं जागा दाखवत म्हणाली, "हितं एक कोनाडा व्हता, दिव्याचा. आन् हितं, वर, एक फोटोचा. फोटोची काच फुटली. फोटो हाय, पेटीत." मी दोन्ही कोनाड्यांची मापं काडीनं घेतली. साहेब आल्यावर उत्तर दिलं, तर ते नुसतं "हूं" म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारून निघून गेले.

मातीची भिंत घाईनं होत नाही. माती चाळायची, तिच्यात भुसा घालायचा, पाणी सोडून रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पायांनी गारा तुडवायचा, आणि वीत-दीड वीत उंचीचा एक थर घालायचा. तो वाळल्याशिवाय वर दुसरा चढवायचा नाही. तोवर काय करायचं? बघत बसायचं. ज्या माणसाला स्वतःला घटकाभर एका जागी टिकता येत नव्हतं, त्यानं मला असलं काम लावावं याचा मला फार राग यायचा. गयाबाई अंगणात गोधडीला टाके घालत बसायची आणि मध्येच म्हणायची, "हात लाव न्हाई. वाळायलाय अजून." मी चडफडत परत बसायचो.

दुपारची भाकरी आणि पाण्याचा तांब्या मी घरून न्यायचो. एकदा माझा पाय लागून तांब्या कलंडला. उन्हाचा कडाका होता. घसा कोरडा पडला तसा मी गयाबाईकडं पाणी मागितलं. मागताना मला वाटलं, मी केवढं मोठं काहीतरी करतोय. ती म्हणाली, "न्हाई देणार. उद्या तुझा बाप म्हणल, म्हातारीनं पोरगं बाटवलं. मंग तुमी परत पहारी घेऊन याल." मी तसाच वस्तीबाहेर आमच्या मळ्यातल्या विहिरीवर गेलो. पुढच्या खेपेला साहेबांना ही हकिगत सांगितली आणि वाट बघितली, आता नियम पहिला येणार. साहेब दोन येरझारा घालून म्हणाले, "ह्याचा नियम माझ्यानं व्हायचा न्हाई." त्यांच्या तोंडून हार मी तेवढी एकदाच ऐकली.

त्याच सुमारास मला रेल्वेचं पत्र आलं. पूर्णेला खलाशी, म्हणजे हरकाम्या कामगार, म्हणून घेणार होते, दीड महिन्यात हजर व्हायचं होतं. आमच्या घरात सरकारी नोकरी कुणाला लागली नव्हती. शेत तिघा भावांत वाटून माझ्या वाट्याला बांधच जास्त यायचा, हे मला कळत होतं. पण मुचलक्याचं वर्ष पुरं व्हायला अजून सात-आठ महिने होते, आणि मुचलक्यावरचा माणूस नोकरीला हजर कसा होणार? मी परभणीला जाऊन साहेबांना गाठलं. ते कचेरीच्या जिन्यातच भेटले, उतरता उतरता म्हणाले, "मुदतीआधी मुचलका संपवा, असा अर्ज मला कोर्टात करता येतो. भिंत झाली की करतो." मी विचारलं, "आणि नाही झाली तर?" ते खाली पोचले होते. तिथून ओरडले, "मग बांध की!"

मी गावी आलो आणि दोन दिवसांत तीन थर चढवले. गयाबाई "नको, नको" म्हणत होती, मी ऐकलं नाही. तिसऱ्या सकाळी जाऊन पाहतो तर भिंत पोटातून फुगून बाहेर बसलेली, दिव्याचा कोनाडा मिटून गेलेला. मला रडूच फुटलं. एकवीस वर्षांचा घोडा, चिखलात उभा राहून रडलो. गयाबाईनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "चल, उतरव. खालचे सात चांगले हायेत." त्या दिवशी तिनं अंगठा दिला. भिंत चढली नव्हती, उलट उतरली होती, तरी दिला.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी रोज सकाळी जायला लागलो. हजेरीच्या दिवसाला तर जायचोच, पण ज्या दिवशी नुसतं वाळायचं असायचं त्या दिवशीही जायचो. ऊन कुठून येतं ते बघायचो, तडा दिसला की ओल्या बोटानं बुजवायचो. त्या दिवसांचा अंगठा मी मागितला नाही आणि तिनं दिला नाही. तीन आठवडे असं चाललं. घरी मी सांगायचो, साहेबांची सक्ती आहे.

एकदा साहेबांना स्टेशनावर पोचवायला गेलो. पॅसेंजर उशिरा होती. ते फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि मी त्यांच्या मागं. न राहवून विचारलं, "साहेब, तुमी घटकाभर बसत का न्हाईत?" ते थांबले नाहीत, पण बोलले. या नोकरीआधी ते जेलात कारकून होते. "चोरी नाहीतर मारामारी करून पोरगं आत यायचं, तुझ्याच वयाचं. चार दिवस उड्या मारायचं. मग बसायला शिकायचं. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. सुटून गेलं तरी घरी जाऊन तसंच बसायचं. काही आयांनी मला दाखवायला नेलं, बघा, ह्यो असाच बसून असतो. तवापासून मला बसणं बघवत न्हाई." गाडी आली. डब्यात चढून ते दारातच उभे राहिले.

इकडं आबा आणि गावातली चार वजनदार माणसं गप्प नव्हती. चांगल्या घरची पोरं वस्तीत राबवली जातात, हा अख्ख्या गावाचा अपमान आहे, असा त्यांनी जिल्ह्याला अर्ज केला. साहेब पोरांना धमकावतात असंही लिहिलं. चौकशीला वरून एक अधिकारी आले. ग्रामपंचायतीच्या खोलीत जबाब चालले होते आणि मुचलकेसाहेब बाहेर पिंपळाखाली फेऱ्या मारत होते. मला आत बोलावलं. दारात आबा उभे होते. माझ्या खिशात रेल्वेचं पत्र होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "काम तुम्ही स्वखुशीनं केलं का?" मी म्हणालो, नाही. "धमकी दिली होती?" मी म्हणालो, "जेलात जावं लागेल म्हणाले होते." दोन्ही गोष्टी खऱ्या. कारकुनानं लिहून घेतलं, मी सही केली. शेवटच्या तीन आठवड्यांचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आबांनी पाठीवर हात ठेवला. बाहेर पडताना साहेबांनी माझ्याकडं बघितलं असतं तर मी कदाचित परत आत गेलो असतो. त्यांनी बघितलं नाही. ते पिंपळाच्या पलीकडच्या बाजूला होते.

महिन्याच्या आत त्यांची बदली झाली. कुठं लांब, विदर्भाकडं. जायच्या आदल्या दिवशी ते गावात आले. म्हणाले, "अकराच्या गाडीला निघणार." पिशवीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. मुदतीआधी मुचलका संपवावा, मुलाची वर्तणूक समाधानकारक आहे, असा त्यांचा अर्ज आणि खाली कोर्टाचा हुकूम. भिंतीचा वरचा थर अजून व्हायचा होता आणि धाब्याचा कोपराही. तरी त्यांनी अर्ज केला होता. "साहेब, तो जबाब..." एवढंच म्हणालो.

"वाचला," ते म्हणाले. "खोटं अक्षर न्हाई त्यात. पण सहीच्या वर बरीच जागा रिकामी होती." मग त्यांनी आईला रामराम केला, कप वृंदावनाच्या कडेला ठेवला आणि अकराच्या गाडीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं घेऊन वस्तीत गेलो. गयाबाई दारात होती. "साहेब गेले, तुझा कागद झाला. आता काहून आलास?" मी खांद्यावरचं फावडं खाली टेकवलं. ती म्हणाली, "मंग उभा काहून राहिलास? गारा वाळून जायलाय." चार दिवसांत वरचा थर झाला. सखारामनं आणि मी मिळून धाब्याचा कोपरा धरला, त्याला आता गयाबाईची हरकत नव्हती. आबांनी त्या चार दिवसांत माझ्याशी शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी मी पूर्णेला हजर झालो.

बरीच वर्षं गेली. नामांतर झालं त्या वर्षीची गोष्ट. मी तेव्हा पूर्णा स्टेशनावरच होतो. एका दुपारी फलाटावर कुणीतरी म्हातारा माणूस टोकापासून टोकापर्यंत फेऱ्या मारताना दिसला आणि मी चाल ओळखली. जवळ जाऊन वाकलो.

"साहेब, ओळखलं का?"

"नावं राहत न्हाईत माझ्याकडं. काम कोणतं होतं तुझं?"

"भिंत. गयाबाईची."

"उत्तरेची," ते लगेच म्हणाले. "तीन थर एकदम घालणारा." आणि हसले. समोरचे दोन दात गेले होते.

मी त्यांच्याबरोबर चालायला लागलो. तेरा-चौदा वर्षं मनात घोळवलेलं बोलून टाकलं. माझ्या जबाबामुळं त्यांची बदली झाली, मी पुरतं सांगायला हवं होतं, चूक झाली, माफ करा. साहेबांनी हात झटकला. "बदलीचं काय घेऊन बसलास? मला कुठं एका जागी राहायचं होतं?"

मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, सुटलो. पण ते पुढं बोलत राहिले, चालता चालता, पीकपाण्याचं सांगावं तसं. "वरून कागद आला, तुझ्या जबाबाचा हवाला देऊन. मुचलक्यावरच्या पोरांना काम लावू नये. मॅजिस्ट्रेट म्हणाले, काम न्हाई तर नुसतं सोडून काय उपयोग? माझ्या यादीत तवा पाच-सहा पोरं होती, निकालाला आलेली. पाथरीकडचं एक होतं, त्यानं शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटार फोडली होती. शेजारी कबूल झाला होता, पोरानं सालभर माझ्या मळ्याला पाणी द्यावं म्हणून. ते आत गेलं. समदी आत गेली."

"मला हे माहीत नव्हतं साहेब."

"कसं असणार? मीच सांगितलं न्हाई. तुझी नवी नोकरी होती."

तेवढ्यात त्यांची गाडी आली. चढताना त्यांचा पाय अडखळला, मी हात दिला. आत गर्दी नव्हती, बाकं मोकळी होती, तरी ते दारातच दांडी धरून उभे राहिले. गाडी सुटली तेव्हा त्यांनी काही विचारलं, मला वाटतं प्रश्नच होता. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आला नाही. पुढं त्यांची भेट झाली नाही. पत्ता मी घेतला नव्हता.

आता मी निवृत्त आहे, तरी स्टेशनाकडं रोज चक्कर होते. घरी बसवत नाही. ती पाच-सहा पोरं आता साठीची झाली असतील. त्यांची नावं मला माहीत नाहीत, त्यांनाही माझं माहीत नसणार. फलाटावर कुणी माझ्या वयाचा माणूस भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला दिसला की मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. तो वर बघतो. कोणत्या गावचे, एवढं विचारायचं असतं मला. अजून एकदाही विचारलेलं नाही.